ओटीतलं पातं

इंदापूर,
१४ नोव्हेंबर १९५५

तीर्थरूप दादास,

सिंधूचा वाकून नमस्कार. इकडं सगळं ठीक. तिकडचं काही कळलं नाही, म्हणजे तेही ठीकच असणार. बिघडलं की तुमच्या घरातून लगेच पत्र येतं, हा माझा अनुभव आहे.

ऊस कसा आहे? कारखान्याचे शेअर घेणार, घेणार म्हणून गेल्या दिवाळीत तू सगळी ओसरी डोक्यावर घेतली होतीस. घेतलेस का अखेर, की अजून गुऱ्हाळाच्या काहिलीतच जीव अडकलाय? मला त्यातलं कळत नाही. पण एकट्यानं बसून गूळ ढवळायचा की चार माणसांनी मिळून साखर करायची, असं विचारशील तर मी चार माणसांच्या बाजूची. माझा जन्मच चार माणसं गोळा करण्यात चाललाय.

इथं सध्या बाळंतखोलीचं चाललंय. आपल्या दवाखान्यात बाळंतपणाला जागाच नाही. ओसरीवर बाकडं आहे, त्याच्या एका टोकाला खरजेचं मलम लावून घेणारे बसतात आणि दुसऱ्या टोकाला बाई कळा देते. मध्ये मी लुगड्याचा पडदा धरून उभी. म्हणून लोकल बोर्डाकडं अर्ज केलाय, की धर्मशाळेतली एक रिकामी खोली द्या, दोन खाटा द्या, बाकीचं आम्ही बायका बघू. अर्जावर गावोगावच्या बायकांचे अंगठे घेत हिंडतेय. निमगावात एकीनं दोन अंगठे दिले. म्हटलं, दुसरा कुणाचा? म्हणाली, "सासूचा. ती यायची न्हाय, पर तिचंबी मत हायच की." वहिनी, कोऱ्हाळ्यातून निदान गल्लीभर अंगठे तुम्ही पाठवायचे. कोऱ्हाळं इंदापूर तालुक्यात येत नाही ही सबब चालणार नाही. बाळंतपण काय तालुका बघून येतं?

पुढच्या आठवड्यात बोर्डातले वजनदार गृहस्थ आबासाहेब बारामतीला येणार आहेत. आम्ही पंधरावीस जणी एस.टी.नं जाऊन त्यांच्या दारात बसणार आहोत. उठवायला आले तर भाकरीची गाठोडी सोडायची असं ठरलंय. जेवत्या बाईला कोण उठवील?

परवा लासुर्ण्याला तुझ्या छबूकडं, तिच्या सासरी जाऊन आले. पोर झकास आहे. बाळंतपणाला अजून बराच वेळ आहे. या दुसऱ्या खेपेला ती माहेरी आली नाही हे वहिनींना लागलंय, मला ठाऊक आहे. पण ऊसतोडीचे दिवस, घरात सासूसून सोडून बाईमाणूस दुसरं नाही. आणि सासू असावी तर बनाबाईंसारखी. मी गेले तर मला पाट दिला, पाण्याचा तांब्या दिला, आणि छबूच्या थोरल्याला, संभ्याला माझ्या मांडीवर टाकून म्हणाल्या, "घ्या, तुमचंच लेकरू. तुमच्या हातनं झालं म्हनून हाय."

छबूला मी माझी पुडी मात्र दिली नाही. सूनबाईला, झुंबरला माहीत नसेल म्हणून सांगते, म्हणजे दादा ओसरीवर मोठ्यानं वाचेल तेव्हा तिच्याही कानावर पडेल. पुडी म्हणजे उकळलेला दोरा, स्वच्छ चिंधी आणि दाढीचं कोरं पातं, कागदात बांधलेलं. दिवस भरत आलेल्या प्रत्येक बाईला देते. नाळ त्या पात्यानं कापायची आणि काम झालं की पातं वारेबरोबर पुरून टाकायचं. विळा नको, खुरपं नको, शेणाचा हात नको. आपल्याकडं पाचव्यासहाव्या दिवशी लेकराची दातखीळ बसली की 'सटवाईनं नेलं' म्हणायचे. ती सटवाई म्हणजे गंजका विळा. हे मी निमगावच्या चावडीवर बोलले तेव्हा एका म्हाताऱ्यानं कानात बोटं घातली. घालू देत. पुड्या वाटायला लागल्यापासून त्या घरांत एकाही लेकराची दातखीळ बसलेली नाही. हे सांगताना मला गर्व होतो आणि तो मी लपवत नाही.

छबूला पुडी कशाला? नर्सबाईची भाची ती. तिच्याकडं अख्खी नर्सबाईच जाईल.

झुंबर, तू जपून राहा. मागच्या खेपेला पोटातच गेलं म्हणून या खेपेला घाबरायचं नाही. दूध पी, पाण्याच्या घागरी तुझ्या नवऱ्याला, आबाजीला उचलायला सांग. वहिनींना नमस्कार, संभ्याचा मुका मी तुमच्या वाटचा घेतला आहे.

तुझी,
सिंधू

---

लासुर्णे,
२९ नोव्हेंबर १९५५

दादा,

हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस. उसात जा, विहिरीवर जा, कुठंही जा. वहिनींनी विचारलं तर सांग, छबूला मुलगी झाली, बाळंतीण बरी आहे. दोन्ही खरं आहे.

छबूला वेळेआधीच कळा लागल्या. मी तेव्हा बारामतीला आबासाहेबांच्या दारात बसले होते. खूप छान झालं रे तिथं. आम्ही लिंबाखाली बसलो. एक कारकून येऊन म्हणाला, साहेब कामात आहेत. आम्ही म्हटलं, आम्हाला कुठं घाई आहे. बायकांनी ओव्या म्हणायला सुरुवात केली. शेवटी आबासाहेब स्वतः बाहेर आले, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "बाई, खोली देतो, पण हे गाणं आवरा." सगळ्या हसल्या. मीही हसले. परतीच्या एस.टी.त बायकांनी मला पुढच्या बाकावर बसवलं, जशी काही मीच वरमाय. इंदापुरात उतरले तर लासुर्ण्याचा निरोप येऊन पडलेला होता की छबू मोकळी झाली, मुलगी आहे, सगळं बेस. मी निवांत झाले. दवाखान्यातलं तुंबलेलं काम उरकलं आणि मग सवडीनं इकडं आले.

मुलगी गोरी आहे. आपल्या आईसारखी जिवणी आहे.

ती दूध ओढत नाही, दादा.

छातीला धरलं की तोंड लावते आणि सोडते. छबू म्हणाली, दूध कमी असेल. बनाबाई म्हणाल्या, टाळू तेलानं भरते. मी बाळाच्या ओठावर बोट ठेवलं, तर बाळाचे ओठ ताणले गेले. सगळ्याजणी म्हणाल्या, बघा, आत्याआजीला वळखलं, हसली! ते हसू नव्हतं. मी शिकत असताना पुण्याच्या इस्पितळात ते पाहिलेलं आहे. मुठी वळलेल्या होत्या आणि भांडं वाजलं की सगळं अंग धनुष्यासारखं मागं वाकत होतं.

मी विचारलं, नाळ कशानं कापली? मला वाटलं, विळा म्हणतील आणि मी ओरडेन. ओरडायची तयारीच केली होती. पण बनाबाईंचा चेहरा फुलला. देवघराशी गेल्या, तांबड्या चिंधीची घडी उलगडली आणि माझ्यापुढं धरली. "विळा कशाला घीन मी बाई? तुमी सांगितलेलं का इसरले? तुमचंच पातं हाय, संभ्याच्या येळचं. छबूनं सासरी येताना वटीत घालून आनलं. तवापासनं देवात हाय. पाचवीला ह्याचीच पूजा केली."

संभ्याच्या वेळी कोऱ्हाळ्यात मी स्वतः नाळ कापली होती आणि पातं पुरायला वहिनींच्या हातात दिलं होतं. ते पुरलं गेलंच नाही. ज्यानं नाळ कापली ते हत्यार पाचवीला पुजायचं, ही आपल्या आईपासूनची रीत. त्यांनी विळ्याच्या जागी माझं पातं ठेवलं, इतकंच. मुलगा जगला, तेव्हा पातं पावलं. मग ते ओटीत घालून पोरीबरोबर सासरी दिलं. हळद लावलेली, अंगारा लावलेला, कडेनं तांबूस झालेलं. नाळ कापण्याआधी बनाबाईंनी त्याला पुन्हा अंगारा लावला होता.

मी त्यांच्यावर ओरडले नाही. काय म्हणून ओरडू? त्यांनी माझं ऐकलं होतं.

जावई मानसिंगराव धनुर्वाताची लस आणायला भिगवणहून गाडीनं पुण्याला गेलेत. मी खोलीत अंधार केलाय, दारात घोंगडं टांगलंय, कोंबड्यासुद्धा लांब हाकलल्यात. दुधात कापसाची वात बुडवून गालात एकेक थेंब सोडतेय. गिळत नाही. मी नर्स आहे, मला सगळं येतं, आणि मी अंगणात बसून तुला पत्र लिहितेय, कारण आत जाऊन करण्यासारखं काही शिल्लक नाही.

काल इथवर लिहिलं होतं.

मानसिंगराव लस घेऊन आले, बर्फात ठेवलेली. वेशीपासून पळत आले. मी ती हातात घेतली. टोचायला कुणी उरलं नव्हतं.

छबू रडत नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून आहे, लहानपणी माझ्याजवळ निजायची तशी. पातं देवात दिसलं नाही. बनाबाई म्हणाल्या, पोरीबरोबर मातीत गेलं असंल. तेवढं तरी बरं झालं.

दादा, कशानं काय झालं ते मी इथं कुणाला सांगितलेलं नाही. छबूनं ते आपल्या हातानं, आपल्या ओटीतून इथं आणलं. हे तिला कसं सांगू?

सिंधू

---

इंदापूर,
२२ डिसेंबर १९५५

दादा,

हेही एकट्यानंच वाच.

खोली मिळाली. धर्मशाळेतली, उजेडाची, दोन खाटा, एक कंदील, पाणी उकळायचं मोठं पातेलं. आबासाहेबांनी नारळ फोडला. बायकांनी मला हार घातला. मी तो काढला आणि खिडकीला अडकवला, आणि त्या दिवसापासून एकही बाई त्या खोलीत आलेली नाही. का, विचार. मीही विचारलं. निमगावची एक दिवस भरलेली पोर हसून म्हणाली, "खोली कशाला आत्ता? तुमचं पातं हाय की घरात, जावंच्या बाळतपनाचं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि पायाखालची जमीन गेली. लासुर्ण्यात एकाच घरी असं झालं असेल, हे मी धरून चालले होते. मी गावोगाव हिंडून देवघरं बघायला लागले. आहेत, दादा. हळदीत, कुंकवात, खोबऱ्याच्या वाटीत, देवांच्या टाकांच्या शेजारी माझी पाती आहेत. मी पुड्या वाटल्या, त्यांनी देव मांडले. जिथं जिथं लेकरू जगलं तिथं तिथं पातं पुजलं, आणि पुजलेलं पातं पुढच्या बाळंतपणाला काढलं. उकळायचं नाही, कारण देवाला धुतलं तरी उकळत कुणी नाही.

मी ती परत मागतेय. कुणी देत नाही.

निमगावातल्या बिरदेव मेंढपाळाची आई मोठी प्रेमळ म्हातारी. मला ताक दिलं, घोंगडी अंथरली. पातं मागितलं तर म्हणाली, "बाई, तीन नातवंडं झाली त्या पात्यावर. तिन्ही खेळत्यात बघा म्हेंढरांत." तिन्ही खरंच खेळत होती. तरी मी म्हटलं, आजी, नशीब बरं म्हणून. पातं जुनं झालं की विषारी होतं. "तुमीच दिल्यालं, आन् तुमीच इखारी म्हनता? देव दिऊन कुनी परत मागतं व्हय?" मग मी सरळ सांगितलं, अशाच पात्यानं एक लेकरू गेलंय. म्हातारीनं माझ्याकडं रोखून बघितलं. "कुनाचं? नाव सांगा."

नाव माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. निमगावात सांगितलं तर लासुर्ण्याच्या बाजारात आठवड्याच्या आत पोचेल. म्हातारीनं मान हलवली. "बाई, लटकं बोलू नगा. तुमच्या तोंडाला शोभत न्हाय." मी ताक संपवलं आणि उठले.

चावडीवर उभं राहून बोलणारी मी! मोर्चे काढणारी! एक नाव घ्यायची हिंमत नाही.

लासुर्ण्याला जाऊन आले. तिथं काय चाललंय ते ऐक. शेजारणी म्हणतात, छबू सातव्या महिन्यात तिन्हीसांजेला मोकळ्या केसांनी कालव्याच्या पाटावर गेली होती, म्हणून सटवाईनं धरलं. बनाबाई बिचाऱ्या तसं म्हणत नाहीत, पण नाहीही म्हणत नाहीत. आणि छबूनं ते मानलंय. मी गेले की संभ्याला बाजूला करते आणि हळूच विचारते, "आत्या, माझं काय चुकलं?"

मी म्हणते, काही नाही.

"मग कसं झालं?"

मी म्हणते, होतं असं.

मी, दादा! आयुष्यभर ज्या 'होतं असं'शी भांडले, तेच तिला सांगते. मला स्वतःची शिसारी येते. पण पोरीकडं बघितलं की दुसरं काही बोलवत नाही. तिला खरं सांगितलं तर ती उद्यापासून स्वतःची ओटी कुठं घेऊन फिरेल? लोकांनी सांगितलेला दोष एक दिवस विसरला तरी जाईल. हा विसरणार नाही.

एवढं कर. संक्रांतीला तिला कोऱ्हाळ्याला घेऊन जा. महिनाभर ठेव. वहिनींच्या हातचं खाऊ दे, झुंबरशी बोलू दे. यासोबत झुंबरसाठी नवी पुडी पाठवतेय. तिचे दिवस भरत आले की मी स्वतः येणार आहेच. या वेळी 'येणार आहेच' म्हणताना भीती वाटते, म्हणून पुडी आधीच पाठवली.

सिंधू

---

इंदापूर,
२१ जानेवारी १९५६

तीर्थरूप दादा,

हे पत्र मोठ्यानं वाच.

ओसरीवर बस. वहिनींना बोलाव, झुंबरला बोलाव, आबाजीला बोलाव. छबूला अगदी जवळ बसव, तुझ्या उजव्या हाताला. संभ्याला शेजारी पाठव. मग वाच. पत्र हातात घेतल्यावर हात साबणानं धुवा. इंदापुरात देवीची साथ आलीय. मी कागद दिवसभर उन्हात ठेवूनच एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात दिलाय, तरी धुवा.

साथीमुळंच मला येता येत नाही. ज्या खोलीसाठी बारामतीला ओव्या म्हटल्या, तिथं आता अंगभर फोड आलेली माणसं आहेत. मी दिवसभर त्यांच्यात असते. अशी मी दिवस भरलेल्या बाईच्या घरी पाऊल टाकू शकत नाही. झुंबर, मी नाही येऊ शकत गं. पण खरं सांगायचं तर येता आलं असतं तरी आजची गोष्ट मी तोंडानं बोलू शकले असते की नाही, मला खात्री नाही. कागदावर बोलणं सोपं. सोपं काम मी घेतलं आणि अवघड दादाला दिलं.

दादा, तुझं पत्र मिळालं. जे तू गुपचूप लिहिलंस ते मी आता सगळ्यांसमोर बोलते, रागावू नकोस. तू लिहिलंस, की छबू संक्रांतीला आली तेव्हा तिच्या ओटीत तांबड्या चिंधीत बांधलेलं पातं होतं. ते लेकरासोबत मातीत गेलं नव्हतं, तिनंच लपवून ठेवलं होतं. तिनं ते वहिनींच्या हातात दिलं आणि म्हणाली, "पातं गुनाचं हाय आई, संभा त्याच्यावरच झाला. अवगुन माझ्या कुशीत हाय. झुंबरवहिनीला तरी लाभू दे." वहिनींनी ते चंचीत ठेवलंय, सुपारीच्या शेजारी, आणि रात्रंदिवस कमरेला खोचून हिंडतात. तू मागितलंस, दिलं नाही. उकळून घे म्हणालास, तर म्हणाल्या, देवाला उकळायचं व्हय? मी पाठवलेली नवी पुडी त्यांनी देवघरात नेऊन ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. आणि तू शेवटी लिहिलंस, 'कारण सांगितल्याशिवाय ती देत नाही, आणि कारण सांगावं तर छबू समोर बसलेली. मी काय करू, सिंधे, तूच सांग.'

मी पुन्हापुन्हा विचार केला. दुसरा रस्ता मला सापडला नाही.

वहिनी, तुमच्या चंचीतल्या पात्यानं छबूची मुलगी गेली.

सटवाईनं नाही, तिन्हीसांजेनं नाही, मोकळ्या केसांनी नाही. नाळ कापताना त्या पात्यावरून धनुर्वाताचं विष लेकराच्या अंगात गेलं. ते डोळ्यांना दिसत नाही. हळदीनं जात नाही, अंगाऱ्यानं जात नाही. आणि अंगाऱ्यात, शेणात, मातीतच ते राहतं. कोरं होतं तेव्हा ते पातं चांगलं होतं, म्हणून संभ्या जगला. एका लेकरापुरतंच ते चांगलं असतं. झुंबरच्या पोटातलं मूल तुम्हाला हवं असेल, आणि किती हवंय ते मला ठाऊक आहे, तर ते पातं आज, आत्ता, हे वाचता वाचता खड्डा करून पुरा. पाटात टाकू नका, पाटात पोरं पोहतात. आणि नवी पुडी देवघरातून काढा, हळद लागलेली असेल तर तीही टाका. वेगळी पुडी या पत्रासोबत कंडक्टरकडं दिलीय. ती फक्त आबाजीच्या हातात राहील. तुमच्या हातात नाही, वहिनी. राग येऊ देत.

देव मानून कुणी चूक केली, असं मी म्हणत नाही. मी वर्षानुवर्षं गावात ओरडत हिंडले की विळा सोडा. बायकांनी सोडला आणि त्या जागी माझ्या हातचं ठेवलं. मला कळायला हवं होतं, की पोर जगवणाऱ्या वस्तूला आपल्या बायका मातीत पुरणार नाहीत.

छबू.

पोरी, तू मला विचारत होतीस आणि मी 'होतं असं' म्हणत होते. मी खोटं बोलत होते. मला उत्तर माहीत होतं. तुझ्या कुशीत काही नाही. तू पाटावर गेलीस त्यानं काही झालं नाही. तू तुझ्या लेकराचं वाईट केलं नाहीस. तुझ्याकडं जी सगळ्यांत भाग्याची वस्तू होती ती तू ओटीत घातलीस आणि सांभाळलीस, आणि जी तुला भाग्याची वाटली तीच पुन्हा भावजयीला आणून दिलीस. तुझ्यासारखी माया मी फार थोड्या ठिकाणी पाहिली. पण ती मायेची वस्तूच वाईट होती, आणि हे तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मी तेव्हा तिथं नव्हते.

हे ऐकून तुझं दुःख कमी होणार नाही. वाढेल. मला ते कळतं आणि माझ्या हातात दुसरं काही नाही. तुझ्यापासून लपवलं असतं, तर झुंबरच्या बाळाला पाचव्यासहाव्या दिवशी ते हसू आलं असतं. निमगावात, लासुर्ण्यात आणखी किती घरांत ते वाट बघतंय, मला मोजता येत नाही. माझं तिथं कुणी ऐकत नाही. नाव विचारतात आणि माझी जीभ जड होते. तुझं नाव घेऊ का, असं विचारायचा मला हक्क नाही, म्हणून विचारत नाही.

आत्ता फक्त एक कर. वहिनींच्या कमरेची चंची तू काढून घे. दादानं मागितली, त्यांनी दिली नाही. मी मागितली तरी देणार नाहीत. तू हात पुढं केलास तर नाही म्हणणार नाहीत. नाही जमलं तरी चालेल, मग आबाजी काढून घेईल. पण तुझा हात आधी जावा, असं मला वाटतं. का वाटतं, ते नीट सांगता येत नाही.

दादा, इथून पुढं माझ्याकडं लिहायला काही नाही. तू मात्र खाली कागदाकडं बघत राहशील, मी ओळखते तुला, म्हणजे वर बघायला नको. कागद ठेव. छबूकडं बघ. तिला धर. मी लांब आहे.

तुमची,
सिंधू